झिजलेला कोपरा

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी जेवून जरा आडवा होत होतो, तोच फोन वाजला. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "काका, पडदा गेला!"

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला पडदा म्हटले की आधी नाटकच आठवते. पण बोलणारा मुलगा वडगाव रासाईचा होता आणि गेलेला पडदा त्याच्या कीबोर्डचा होता. हल्लीच्या मोठ्या कीबोर्डना पट्ट्यांच्या वर मधोमध एक काच असते. कोणत्या वाद्याचा आवाज हवा, ताल कोणता हवा, पुढचे गाणे कोणते, हे सारे त्या काचेवर बोट ठेवून सांगायचे. त्याच्या काचेचा उजवीकडचा खालचा कोपरा मुका झाला होता आणि उरलेल्या भागात एक दाबावे तर शेजारचे उमटत होते. "बासरी दाबली की सनई वाजतीय," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. आठवड्यावर हळदीचा कार्यक्रम आला होता आणि पुढे सगळी लग्नसराई पडली होती. शहरातल्या एका दुकानदाराने सांगितले होते, की पडदा अख्खा बदलावा लागेल. त्याने खर्चाचा जो आकडा सांगितला, तो वाद्याच्या किमतीच्या निम्मा होता. वर सल्लाही दिला, "त्यापेक्षा भंगारात घाल आणि नवीन घे."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावला निघालो. मला वाद्यांच्या दुरुस्तीतले काही कळते म्हणून नव्हे. त्या घराचे माझे एक जुने देणे होते, म्हणून.

वडगाव रासाईचा रस्ता मला नवा नाही. शिरूर तालुक्याच्या दक्षिण कडेला, भीमेच्या काठी वसलेले हे गाव. रासाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही काठांना ऊस, आणि त्या उसात आता बिबटेही. १९९० नंतरची काही वर्षे मी त्या भागातल्या एका शाखेत शेतीकर्जांचा अधिकारी होतो. विहीर, मोटार, पाइपलाइन, दुभती गाय या चार खांबांवर आमचा सगळा मांडव उभा असे.

१९९३ साली या मुलाचे वडील माझ्यासमोर येऊन बसले. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. भजनी मंडळात पेटी वाजवणारे, एरवी दोन एकरांचे शेतकरी. त्यांना 'कॅसिओ' घ्यायचा होता. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला तेव्हा कॅसिओच म्हणत, अजूनही म्हणतात. पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडचा वापरलेला कीबोर्ड त्यांना मिळत होता. लग्नांत, वरातींत वाजवून हप्ते फेडीन, असे त्यांचे म्हणणे. मी कोटेशन आणायला सांगितले. आठ दिवसांनी त्यांनी वहीचा एक कागद आणला. विकणाऱ्याने शाईने वाद्याचे नाव, किंमत आणि खाली सही केली होती. मी तो कागद परत केला. "अण्णा, दुकानाचं कोटेशन लागतं. जुन्या वस्तूला किंमत कोण ठरवणार? उद्या ती बंद पडली तर बँकेनं काय ओढून न्यायचं?" अण्णा कागदाची घडी करून उठले. "गाय मागितली असती तर बरं झालं असतं व्हय साहेब?" एवढेच म्हणाले. पुढे त्यांनी शेळ्या विकून तो कॅसिओ घेतला आणि त्याच्यावर मुलाला शिकवले, हे मला फार उशिरा कळले.

पेटीसुद्धा मुळात आपली नाही, हे आपण विसरलो आहोत. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम घडवला. तो पायाने भाता हलवून वाजवायचा. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तो मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या हाताजोगा केला. मराठी संगीत नाटकाने पायपेटीला आणि ऑर्गनला जवळ केले, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. तरीही आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, हे तिचे दोष सांगितले जात. ते खोटे नव्हते. पण देवळातल्या भजनाला आणि तमाशाच्या फडाला त्याची पर्वा नव्हती. तिथे पेटी टिकली याचे एक कारण तिच्या सुरांइतकेच तिच्या पोटात आहे. झाकण उघडले की सगळे समोर दिसते. सूर घोगरा झाला तर पितळी पट्टी काढून घासता येते, भाता फाटला तर पट्टी चिकटवता येते. अण्णांनी त्यांच्या पेटीचा भाता दोनदा स्वतः दुरुस्त केला आहे.

कीबोर्ड आला आणि हे झाकण बंद झाले. १९८० पासून कॅसिओचे छोटे कीबोर्ड बाजारात आले. मग ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, तमाशा, नदीपलीकडच्या चौफुल्याची संगीतबारी, सगळीकडे पेटीच्या शेजारी किंवा तिच्या जागी कीबोर्ड दिसू लागला. आवाज वाढत गेले तशी बटणे वाढत गेली. बटणांची गर्दी मावेना, तेव्हा कॉर्ग या जपानी कंपनीने १९९५ मध्ये आपल्या 'ट्रिनिटी' या वाद्यावर बोटाने चालणारा पडदा बसवला. पुढे १९९९ मध्ये 'ट्रायटन' आला आणि ही पद्धत रूढ झाली. नव्याने घेतली तर अशी वाद्ये खेड्यातल्या वादकाच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणून ती शहरातून वापरून झाल्यावर तालुक्याला येतात, तालुक्यातून गावात. गावात पोचेपर्यंत त्यांच्या पडद्याने हजारो गाणी सोसलेली असतात.

मी पोचलो तेव्हा ओट्यावर कीबोर्ड मांडलेला होता आणि शेजारी मोबाईल दुरुस्त करणारा एक तरुण बसला होता. मुलाचा वर्गमित्र. त्याने असे वाद्य कधी उघडलेले नव्हते. पण पडदे शेकड्याने उघडले होते. या लेखातली निम्मी विद्या त्याची आहे.

त्याने आधी नखाने पडदा टोचून पाहिला. "नखानं चालतोय, म्हणजे हा दाबाचा आहे, फोनसारखा नाही." फोनचा पडदा आपल्या बोटाच्या विद्युतभाराने जागा होतो, म्हणून त्याला नख लावून चालत नाही. जुन्या कीबोर्डांचे पडदे बहुतेक दाबाचे. त्यांची रचना अगदी साधी आहे. खाली काच, वर एक पातळ लवचीक फिल्म. दोघींच्या समोरासमोरच्या बाजूंवर इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा लेप असतो. तो आरपार दिसतो आणि तरी वीज वाहून नेतो. दोन लेप एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये डोळ्यांना जेमतेम दिसणारे ठिपके. बोटाने दाबले की वरची फिल्म वाकते आणि खालच्या काचेला टेकते. यंत्राला एवढेच कळायला हवे, की ती कुठे टेकली.

ते कसे कळते, हे अण्णांना समजावताना मला पाटाचे पाणी आठवले. पाट सोडला की मुखाशी पाण्याची पातळी उंच असते आणि टोकाकडे ती उतरत जाते. मध्ये कुठेही पातळी मोजली तर आपण मुखापासून किती लांब आहोत ते सांगता येईल. पडद्यात पाण्याच्या जागी विजेचा दाब असतो. एका थरात तो डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत उतरत जातो आणि दुसरा थर जिथे टेकेल तिथला दाब वाचतो. झाली आडवी जागा. लगेच दुसऱ्या थरात वरून खाली दाब सोडायचा आणि पहिल्याने वाचायचा. झाली उभी जागा. चार कडांना चार तारा. अमेरिकेत सॅम्युएल हर्स्ट यांनी १९७० च्या दशकात या तऱ्हेचे पडदे पुढे आणले. "म्हंजी टेलला पानी कमी, तसं," अण्णा म्हणाले. टेलच्या माणसाला हे लवकर समजते.

आता बिघाडांकडे वळू. 'पडदा गेला' हे एक वाक्य आहे, पण त्यात निरनिराळी चार दुखणी असू शकतात आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा.

पहिले दुखणे हद्दीचे. वर्षे गेली की थरांचे गुण थोडे बदलतात आणि यंत्राच्या मनातला नकाशा व प्रत्यक्ष जागा यांत फरक पडतो. बासरी दाबली की सनई वाजते ती यामुळे. बांधाचे दगड हलले की आपण फेरमोजणी मागवतो, तशी सोय या वाद्यांत असते. तिला कॅलिब्रेशन म्हणतात. पडद्यावर खुणा दिसतात, त्यांवर बारीक बोथट टोकाने नेमके दाबायचे. खर्च शून्य. दुसरे दुखणे जोडाचे. पडद्याची चपटी फीत आतल्या पाटीत खोचलेली असते आणि टेम्पोत धक्के खाऊन ती सैल होते. ती काढून, पुसून, पुन्हा नीट बसवायची. तिसरे दुखणे उजेडाचे. पडद्यामागचा दिवा मंद होतो आणि अक्षरे दिसत नाहीत. स्पर्श तर शाबूत असतो, पण लोक स्पर्शालाच दोष देतात. चौथे दुखणे खऱ्या झिजेचे. तो पारदर्शक लेप काचेसारखा ठिसूळ असतो. एकाच जागी हजारो वेळा वाकवला की त्याला बारीक तडे जातात आणि त्या जागी वीज पोचत नाही.

आमच्या वैद्याने क्रम चुकवला नाही. सगळ्यांत आधी मुलाने जमवलेली गाणी आणि ताल पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. ही गोष्ट मला फार आवडली. बँकेत संगणक आले तेव्हा आम्हीही हेच आधी शिकलो होतो. मग फेरमोजणी केली. बासरी बासरीच्या जागी आली. कोपरा मात्र मुकाच राहिला. मग वाद्य वायरीपासून सोडवून पालथे केले. कोणता स्क्रू कुठला हे कळावे म्हणून वहिनींनी चार वाट्या दिल्या. फीत काढून पुन्हा बसवली. फरक नाही. मग त्याने मीटर लावला. एकाच थराच्या समोरासमोरच्या कडांमध्ये काही शे ओहमचा स्थिर रोध दाखवायला हवा होता, तो दाखवला. दोन थरांमध्ये, न दाबता, जोड दिसायला नको होता, तोही दिसला नाही. आता मधली जागा दाबली की काटा पक्का बसे, आणि तो कोपरा दाबला की थरथरून परत जाई.

त्याने फिल्म उन्हाला तिरपी धरली. कोपऱ्यात रुपयाएवढा एक धुरकट ठिपका होता. मुलाने मान खाली घातली. "तिथं 'पुढचं गाणं' असतं, काका." पंगतीतून फर्माइश आली की पुढचे गाणे, नवरदेव आला की पुढचे गाणे. आधीच्या मालकाने दाबले, यानेही दाबले. हळदीने भरलेल्या, घामाने ओल्या बोटांनी दाबले. सगळा पडदा धड होता. जिथे काम झाले होते तेवढाच गेला होता.

बँकेतली जाडजूड खातेवही मला आठवली. तिची काही पाने कडेला काळी होत, कोपरे गळून पडत. ज्यांचा व्यवहार रोजचा, त्यांचीच ती पाने असत. झिजलेले पान म्हणजे वाईट खाते, असे आम्ही कधी म्हटले नाही. मग वाद्याबाबत १९९३ मध्ये मी तसे का म्हटले?

दुरुस्ती अशी ठरली, की चित्र दाखवणारा आतला भाग तसाच ठेवायचा आणि वरचा स्पर्शाचा थर तेवढा, म्हणजे ती फिल्म आणि तिची काच, बदलायचा. दोन्ही वेगळे मिळू शकतात, हे दुकानदाराने सांगितलेच नव्हते. कदाचित त्यालाही ठाऊक नसावे. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून, फितीचा फोटो काढून मागणी केली. पार्सल तीन दिवसांत आले. माप बरोबर होते, पण तारांचा क्रम वेगळा निघाला. बोट वर न्यावे तर खूण आडवी पळे. ते परत पाठवले. दुसरे येईपर्यंत हळदीची तारीख येऊन ठेपली.

त्या संध्याकाळी काय झाले ते मी पाहिले आहे. मुलाने पडद्याच्या बाजूच्या बटणांवर जमेल तेवढे चालवले. पण गाणी झटपट बदलता येईनात. त्यात गायिकेची पट्टी काळी चार, आणि पट्टी बदलण्याची खूण नेमकी त्या मुक्या कोपऱ्यात. तिसऱ्या गाण्याला तो अडकला. मांडवात कुजबुज सुरू झाली. तेव्हा अण्णा उठले, घरून पेटी मागवली आणि माईक तिच्या तोंडाशी लावायला सांगितला. त्यांनी काही दाबले नाही. काळी चारला षड्ज मानून बोटे सरकवली, इतकेच. मुलाने कीबोर्डवर एकच ताल धरून ठेवला. कार्यक्रम झाला. उत्तम झाला असे म्हणणार नाही. यजमानांनी पैसे कापून घेतले. परत येताना मुलगा टेम्पोत एक शब्द बोलला नाही. "दोन सुपाऱ्या गेल्या म्हणून समज," अण्णा म्हणाले, आणि खरोखरच गेल्या.

दुसरा थर त्याच आठवड्यात आला. यावेळी तारांचा क्रम जुळला. जुना थर कडेच्या चिकटपट्टीवरून हळूहळू सोडवला, आतली धूळ फुंकली, नवा बसवला, फेरमोजणी केली. कोपरा बोलू लागला. सगळा खर्च दुकानदाराच्या आकड्यापुढे किरकोळ निघाला. वेळ मात्र गेला. हंगाम सुरू होण्याआधी महिनाभर हे केले असते तर त्या दोन सुपाऱ्या वाचल्या असत्या.

वाचकांपैकी कुणी मुलासाठी असे वापरलेले वाद्य घेणार असेल, तर एका जुन्या कर्ज अधिकाऱ्याचे चार शब्द ऐका. वाद्य दिवसाउजेडी पाहा, आणि अर्धा तास चालू ठेवून मग पाहा. पडद्यावर एक बोट कडेपासून कडेपर्यंत फिरवा. चारही कोपरे आणि 'पुढे', 'मागे', 'बाहेर' अशा रोज लागणाऱ्या खुणांच्या जागा मुद्दाम दाबा. तिरप्या उजेडात धुरकट ठिपके किंवा इंद्रधनुषी कडी दिसतात का ते बघा. तुमच्यासमोर फेरमोजणी करायला लावा. पडदा वाईट निघाला तरी वाद्य टाकून देऊ नका. तो थर वेगळा मिळतो का ते विचारा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. घरी आणल्यावर वर संरक्षक फिल्म लावा, बॉलपेनने दाबू नका, कापड किंचित ओले करून पिळून पुसा आणि प्रवासात पडद्यावर वायरींची पिशवी ठेवू नका. गाणी महिन्यातून एकदा उतरवून ठेवा.

दुरुस्ती झाली त्या संध्याकाळी ओट्यावर आम्ही चौघे होतो. अण्णा लांब बसून पाहत होते. त्यांनी त्या पडद्याला कधी हात लावला नव्हता. पडदे त्यांना ओळखत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. उभा जन्म खुरपे आणि दोर धरून त्यांच्या बोटांची कातडी कोरडी, निबर झाली आहे. नातवाचा फोन त्यांच्या बोटाने हलत नाही. रेशनच्या दुकानातल्या यंत्राला त्यांचा अंगठा तीनदा लावूनही उमटत नाही, कारण रेषाच झिजून गेल्या आहेत. मी नोकरीत असताना असे कितीतरी अंगठे शाईच्या पॅडवर दाबले आहेत. कागदावर नुसता काळा डाग उठे.

"अण्णा, इथं दाबा," मी म्हणालो.

"मला नाय ऐकायचं ते."

"ऐकेल. हा माणूस बघत नाही, दाब बघतो."

त्यांनी अंगठा पुसला आणि त्या नव्या कोपऱ्यावर ठेवून जोर दिला. पडद्यावर पुढचे गाणे आले. त्यांनी पुन्हा दाबले, त्याच्या पुढचे आले. मग मुलाकडे बघून म्हणाले, "हळू दाबत जा रं, हितंच झिजतंय ते." आणि माझ्याकडे वळून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता विचारले,

"साहेब, आता लिहून देता का कोटेशन?"

मी खिशातून पेन काढले. घरात वहीचा कागद होताच.